कानात बोटं घालून जाणारे मामू

गेल्या उन्हाळ्यात गावी एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी दोन पोरं मोबाईलवरून भांडत होती. एकाला दुसऱ्याचा पासवर्ड हवा होता. दुसरा म्हणाला, "तुला सांगू? म्हंजे दस्तगीराला शब्द दिल्यासारखंच की!" आजूबाजूचे हसले. सवयीनं मीही हसलो आणि मग हातातला घास तसाच ताटात ठेवला.

त्या पोरांना दस्तगीर कोण, हे ठाऊक असण्याचं कारण नाही. आमच्या गावात ती म्हण झाली आहे. ज्याच्या हाती भरवशानं काही सोपवावं आणि त्यानंच ते पळवावं, असा तिचा अर्थ. म्हण खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे, आणि आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गावाकडच्या कुत्र्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठत असे. आता उठायला त्रास होतो, म्हणून लिहितो.

दस्तगीरमामूंचं शेत आमच्या शेताला लागून होतं. येडशीच्या स्टेशनावरून रामलिंगाच्या डोंगराकडं तोंड करून चालत निघालं, की जंगल सुरू व्हायच्या आधी आमचा शिवार लागतो. मामू उंच, वाळके, किंचित पुढं झुकलेले. अंगात बारा महिने एक खाकी कोट. त्याची बटणं केव्हाच गेली होती, तो सुतळीनं बांधलेला असे. निजामाच्या काळात ते एका जहागीरदाराच्या शिकारखान्यात होते. शिकारी कुत्र्यांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेल्या, जहागीरदार हैदराबादेला निघून गेले. मामू तेवढा कोट आणि बिजली नावाची एक गाभण कारवानी कुत्री घेऊन गावी परतले. लांब तोंडाची, खोल छातीची, कंबर मुठीत मावेल अशी ही जात. सशामागं सुटली की जमिनीला पाय लागतात की नाही, असं वाटावं.

ते दिवस गावात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा न देण्याचे होते. मुसलमानाच्या घरी पाणी मागायलाही लोक बिचकत होते, आणि मुसलमान तर हिंदूंच्या गल्लीतून मान खाली घालून जात. अशा गावात बिजलीची पिल्लं वाटायला मामू एकेका दारात जाऊन उभे राहिले. दाम घेत नव्हते. म्हणत, "लेकीचं कुनी पैसं घेतंय व्हय? ही सोयरीक हाय."

आणि खरोखर सोयरिकीसारखंच सगळं करत. पिल्लू घरात आलं की आधी चूल दाखवायची. चुलीभोवती फिरवून कपाळाला राख लावायची. पहिला घास घरच्या बाईनं भरवायचा. त्यानंतर महिनाभर मामू विहिणीसारखे अचानक येऊन टपकत. "काय घातलं आज माझ्या पोरीला?" कुणी शिळ्या तुकड्याचं नाव काढलं की म्हणत, "तुझ्या लेकीला सासरी शिळं घातलेलं चालंल का रं?" एकदा तर त्यांनी पोलीस पाटलांच्या वाड्यातून पिल्लू परत नेलं होतं. पाटील त्याला लाथ मारताना दिसले, एवढंच कारण. पाटलांसमोर मोठा आवाज काढायची कुणाची छाती नव्हती. मामूंनीही काढला नाही. पिल्लू कोटात घातलं, "राम राम पाटील," म्हणाले आणि चालू लागले. पाटलांनीच चार दिवसांनी निरोप धाडला.

या कुत्र्यांना मागणी फार. शिकारीचे शौकीन, ठेकेदार, साहेब लोक अशा कुत्र्यांवर डोळा ठेवून असत. आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाचा तुकडा दाखवून कुत्रं वळवायचं आणि लातूरकडं जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीत घालायचं, हा चोरीचा सरधोपट मार्ग. त्यावर मामूंनी काढलेला उपाय मी दुसरीकडं कुठंही पाहिला नाही. प्रत्येक घरानं एक शब्द ठरवायचा. घास पुढं ठेवून तो शब्द कुत्र्याच्या कानात म्हटला तरच त्यानं तोंड लावायचं. शब्द घरच्यांना ठाऊक आणि शिकवणारे म्हणून मामूंना. तिसऱ्या कानाला नाही.

या शब्दांच्याही गमती होत्या. आमच्या वाण्यानं 'उधार' हा शब्द ठेवला होता, हे पुढं तो बदलल्यावर त्यानंच सांगितलं. म्हणे, "ह्यो माझ्या तोंडून कुनाला कधी ऐकायला मिळायचा न्हाय." म्हाताऱ्या यमुनाआजी आपला शब्दच विसरल्या आणि त्यांचं कुत्रं भाकरीसमोर लाळ गाळत बसून राहिलं. आजी दारात येऊन ओरडत होत्या, "अवं दस्तगीरला बोलवा, माझं लेकरू उपाशी मराया लागलंय!" मामू आले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि आजीच्या कानात शब्द सांगितला. कुत्र्याच्या नव्हे. "भरवायचं तुमीच," म्हणाले. दुसऱ्याच्या कुत्र्याला ते कधी हात लावत नसत. बोलताना हात मागं बांधलेले असायचे. "दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर हात ठिवायचा तर बापाला इचारावं," हे त्यांचं म्हणणं.

एकदा लाकडाच्या एका ठेकेदारानं पैज मारली. वाण्याच्या कुत्र्यापुढं त्यानं भाजलेल्या मटणाचं ताट ठेवलं. सगळा पार बघायला जमला. कुत्र्याच्या जिभेवरून लाळेची धार लागली होती, अंग थरथरत होतं, पण मान पुढं गेली नाही. ठेकेदारानं गोंजारलं, शिव्या दिल्या, शेवटी वैतागून म्हणाला, "अरे काय मेस्मेरिझम केलंय का ह्या जनावरावर?" मामू म्हणाले, "न्हाय भाई. कुत्रं काय सायकल हाय व्हय, उचलली अन् गेली? त्याला बांधून ठिवता येत न्हाय. मानानं ठिवावं लागतं." मग वाण्याला खूण केली, वाण्यानं कानात 'उधार' म्हटलं आणि ताट चाटूनपुसून साफ झालं. ठेकेदारही हसला. ज्याची फजिती झाली त्यालाही हसत घरी पाठवायचं, हे मामूंना जमायचं.

त्यांचं अजून एक वाक्य सांगायला हवं. एका वर्षी एक कुत्रं दोन दिवस दिसलं नाही. गावाबाहेर पालं टाकून काही भटकी कुटुंबं उतरली होती. गाव काठ्या घेऊन निघालं. मामू धावत पुढं गेले आणि पालांच्या समोर वाटेत मांडी घालून बसले. "आधी हिरी बघा," म्हणाले, "मंग मानसं." लोक चिडले. "तुला लई पुळका आलाय!" कुणीतरी म्हणालं. मामू उठले नाहीत. अखेर लोकांनी विहिरी बघितल्या, तर कुत्रं एका पडक्या विहिरीच्या कपारीत बसलेलं. मामूंनीच दोर लावून उतरून ते वर काढलं. ज्यांनी काठ्या उगारल्या होत्या तेच दोर धरून होते. त्या दिवशी मला वाटलं, याच्याएवढा मोठा माणूस आपल्या शिवारात दुसरा नाही. अजूनही तसंच वाटतं. म्हणून तर पुढचं लिहिणं जड जातं.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. काकाकाकूंनी मला वाढवलं. काकांचं नाव रंगनाथ. मला शिकवायचं म्हणून त्यांनी बैलांची एक जोडी विकली होती. ते गेल्यावर काकू शेतातल्या आखाड्यावरच, म्हणजे तिथल्या खोपटातच, राहू लागली. गावातलं घर तिला नको झालं. जंगलाच्या कडेला बाई एकटी, म्हणून मामूंनी बिजलीच्या वेताची शेवटची कुत्री तिला दिली. पांढुरकी, म्हणून चांदणी. कुत्री आल्यापासून काकू पुन्हा बोलू लागली. रानडुकरांची भीती गेली ती गेलीच, पण ती मला म्हणायची, "आरं, सांजच्याला कुनाला तरी 'जेवलास का' इचाराया मिळतं."

काकूनं चांदणीसाठी जो शब्द निवडला तो गावात कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तिनं काकांचं नाव ठेवलं होतं. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. लग्नात उखाण्यातून एकदा घेतलं ते घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव तर ओठावरही यायचं नाही. तेच नाव ती रोज तिन्हीसांजेला भाकरी मोडून त्या कुत्रीच्या कानात सांगत होती.

घोटाळा एवढाच होता, की काका गेल्यानंतर काकूला कमी ऐकू येऊ लागलं होतं. आपण कुजबुजतो आहोत असं तिला वाटे, आणि "रंगनाथ" हा शब्द बांधापर्यंत ऐकू येई. बांधाच्या पलीकडं मामूंचं शेत. आणि आत, चुलीपाशी जेवायला बसलेला मी. मामूंनी एकदा हळूच सुचवलंही होतं, "भाभी, जरा हलकं बोलत जावा." त्यावर काकू उखडली, "म्या काय वरडते व्हय, दस्तगीरभावजी? तुमचंच कान लांब झाल्यात म्हातारपनी!" मामू हसले आणि पुन्हा खुरपायला लागले. तिला कसं सांगणार? सांगितलं असतं तर तिनं ते नाव पुन्हा घेतलं नसतं.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. कायम होण्यासाठी धडपडत होतो. आमचे साहेब शिकारीचे शौकीन. एकदा ते रामलिंगाकडं आले असता मी त्यांना आखाड्यावर नेलं. काकूनं ताक दिलं. बांधापलीकडं मामू खुरपत होते. साहेबांनी चांदणीकडं पाहिलं आणि म्हणाले, "अशी कुत्री मिळाली तर माणूस आणखी काय मागेल?" त्यांनी मागितली नव्हती. हे मला नीट लिहिलं पाहिजे. त्यांनी मागितली नव्हती.

अश्विनात काकू नवरात्रासाठी तुळजापूरला गेली. चांदणीला भरवायचं काम नेहमीप्रमाणं मामूंकडं. ते सकाळ-संध्याकाळ येत. ती परतायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो. चांदणी मला ओळखत होती, भुंकली नाही. दावणीची दोरी सोडली आणि तिला साहेबांच्या बंगल्यावर पोचती केली. काकूनं राजीखुशीनं दिली असं सांगितलं. बिजलीच्या वंशातलं दुसरं पिल्लू काकूला आणून देऊ, तिला काय फरक पडतो, असं मी वाटेत मनाला समजावत होतो. साहेब म्हणाले, "पण ही खात कशी नाही?" मी शब्द सांगितला. साहेबांनी घास पुढं ठेवला, वाकून म्हटलं, "रंगनाथ." ज्या माणसानं मला बैल विकून शिकवलं, त्याचं नाव मी असं वापरलं.

काकू परत आली. दोरी कापलेली नव्हती, सोडलेली होती. झटापट नव्हती. गाव पारावर जमलं. पोलीस पाटील म्हणाले, "शब्द कुनाकुनाला ठावं व्हता?" काकू रडत म्हणाली, "मला, अन् दस्तगीरभावजीला." सगळ्यांच्या माना मामूंकडं वळल्या. मीही तिथं होतो, काकूच्या मागं उभा.

मामूंना बचाव करायला एकच वाक्य पुरेसं होतं. भाभी मोठ्यानं बोलतात, एवढं म्हटलं असतं की पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मग आखाड्यावर जेवायला कोण असतं? पण ते म्हणायचं तर साऱ्या गावासमोर सांगावं लागलं असतं, की ही बाई रोज नवऱ्याचं नाव घेते. आणि तिचा एकुलता पुतण्या, जो तिला उद्या अग्नी देणार, तो चोर ठरला असता. मामूंनी हात मागं बांधले.

"शब्द मला ठावं व्हता," ते म्हणाले. "कुत्री माझ्या राखनीत गेली. मी आनून देतो."

"कुठून आनतोस? जिथं इकलीस तिथून?" मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी वाटेत मांडी घालून बसायला कुणी पुढं आलं नाही. 'आधी हिरी बघा' असंही कुणी म्हणालं नाही.

विहिरी मामूंनीच बघितल्या. दोन दिवस ते शिवारातल्या एकेका विहिरीत वाकून हाका मारत हिंडले. त्यांना पहिल्या घटकेलाच सगळं कळलं असणार. आज वाटतं, ते दोन दिवस त्यांनी मला दिले होते. कुत्री आपण होऊन परत आणून बांधायला. मी कचेरीत टपाल लावत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी ते साहेबांच्या बंगल्यावर आले. मीही कागदावर सही घ्यायला तिथं होतो. चांदणी ओसरीवर साखळीला होती. खाकी कोट धुळीनं पांढरा झालेला, काखेत एक गाठोडं.

"साहेब, ही आमच्या गावची कुत्री हाय."

साहेब म्हणाले, "असेल. पण आता माझ्या हातचं खाते. बघायचं?" त्यांनी बिस्कीट पुढं केलं आणि म्हणाले, "रंगनाथ." चांदणीनं खाल्लं.

ते नाव ऐकताच मामूंनी डोळे मिटले. कुणी चापट मारावी तसा त्यांचा चेहरा झाला. पण माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. शेवटपर्यंत नाही.

"खाती, साहेब," ते म्हणाले. "आता तिला सोडा, अन् ती कुठं बसती ते बघा."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत काकूची जुनी गोधडी होती. चुलीच्या धुराचा वास मला दारापर्यंत आला. ओसरीच्या टोकाला ती अंथरून मामू तिच्यापासून दूर, हात मागं बांधून उभे राहिले. हाक नाही, शीळ नाही. साहेबांनी साखळी काढली. चांदणी आली, गोधडी हुंगली, तिच्यावर गोल फिरली आणि पुढच्या पायांत तोंड घालून पडली. साहेबांनी बिस्कीट दाखवलं. शब्द म्हटला. पुन्हा म्हटला, जरा मोठ्यानं. तिनं मान उचलून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.

साहेबांनी बिस्कीट खाली ठेवलं. मग मामू हलक्या आवाजात म्हणाले, "शब्दानं प्वाट भरतं, साहेब. घर न्हाय बदलत."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "पण मला तर असं सांगण्यात आलं..." म्हणत ते माझ्याकडं वळले.

"वाट चुकून आली असंल," मामू त्यांना अडवत म्हणाले. असं कुणाचं बोलणं तोडताना मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. "मुकं जनावर. तुमी सांभाळली, मेहरबानी झाली." त्यांनी गोधडी गोळा केली आणि निघाले. चांदणी दोरीशिवाय त्यांच्या मागं गेली.

गावात त्यांनी सांगितलं, की कुत्री येडशीच्या स्टेशनावर भटकताना सापडली. गावानं त्याचा अर्थ लावला, की पचली नाही म्हणून आणून दिली. शोधून आणलं हाच पुरावा ठरला. एकेका घरानं आपला शब्द बदलला. वाण्यानंही बदलला. पिल्लांना चूल दाखवायला मामूंना कुणी बोलावेना. काकूनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण तिनंही शब्द बदलला, आणि तो नवा शब्दही ती रोज तिन्हीसांजेला तशीच बांधापर्यंत ऐकू जाईल असा कुजबुजत राहिली. तो काकांचं नाव नव्हता.

त्यानंतर मी पाहिलं ते विसरता येत नाही. मामूंची घरी जायची वाट आमच्या बांधावरून होती. काकूची भाकरी मोडायची वेळ झाली, की बांधावरून जाणारे मामू थांबत, हातातलं खुरपं काखेत धरत, आणि बांग देणाऱ्यासारखी दोन्ही कानांत बोटं घालून चालू लागत. आमचं खोपट मागं पडलं की मगच बोटं काढत. कुणी बघो न बघो. जो शब्द त्यांना दिलेला नव्हता, तो त्यांना ऐकायचा नव्हता. चांदणी बांधापर्यंत त्यांच्या बरोबरीनं धावायची, आणि ते हात लावत नाहीत हे कळलं की परत फिरायची.

मी कायम झालो. त्या साहेबांची बदली झाली. एकदा सुट्टीत गावी आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो. भर दुपारी बांधावर जाऊन उभा राहिलो. मामू समोरून आले. म्हातारे दिसत होते. कोटाला सुतळीही राहिली नव्हती.

"मामू," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बंगल्यावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. राग नव्हता. मग आखाड्याकडं नजर टाकली. काकू अंगणात ज्वारी पाखडत होती, चांदणी तिच्या पायाशी होती.

"भाभी हायेत तवर न्हाय, बेटा," ते म्हणाले. "घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मी तरीही तोंड उघडलं. तेव्हा त्यांनी हसून दोन्ही कानांत बोटं घातली आणि माझ्या बाजूनं पुढं निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडं बघत उभा राहिलो. बांध संपेपर्यंत बोटं कानातच होती.

त्या थंडीत मामू गेले. काकू त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, आणि ती गेल्यावर ऐकायला कुणी उरलं नव्हतं. त्या दुपारी जे वाक्य मी तोंडात धरून उभा होतो ते एवढंच होतं:

मामू, ते नाव मी ऐकलं होतं. कुत्री मी नेली. मला माफ करा.